खांब की माणूस? घराबाहेरचा कॅमेरा निवडताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, की प्रत्यक्ष आणि अनुमान यांवरची व्याख्यानं चालू असताना मधेच हा घराबाहेरचा कॅमेरा कुठून आला? तर तो श्रोत्यांकडूनच आला. गेल्या काही महिन्यांत आम्हाला जितके प्रश्न न्यायदर्शनावर आले नसतील, तितके 'सर, स्वस्तात चांगला कॅमेरा कोणता?' असे आले. विचारणारे बहुतेक आमच्याच वयाचे. कुणाची मुलं बंगळुरूला, कुणाची न्यू जर्सीला. कुणाचं रत्नागिरीकडचं घर वर्षातले आठ महिने कुलपात. कुणी रो-हाउसमध्ये दोघंच राहतात आणि रात्री फाटक वाजलं की झोप उडते. या प्रश्नामागे भीती आहे, आणि भीती असली की माणूस पटकन खरेदी करतो. म्हणून म्हटलं, या प्रश्नाकडे नीट बघू. आणि बघता बघता लक्षात येईल, की आपण विषय बदललेलाच नाही.

न्यायदर्शनात 'संशय' समजावून सांगताना एक ठरलेलं उदाहरण येतं. संध्याकाळची वेळ आहे, दूर काहीतरी उभं दिसतंय. तो खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच. हात-पाय दिसले तर माणूस ठरेल, पण ते दिसत नाहीत. म्हणून संशय. आता घराबाहेरच्या कॅमेऱ्याचं काम काय? हाच संशय फेडणं. फक्त तो तीन पायऱ्यांनी फिटतो. पहिली पायरी, 'तिथे काहीतरी आहे'. दुसरी, 'हा माणूस आहे, आणि आपल्या ओळखीचा आहे की नाही'. तिसरी, 'हा नेमका कोण', म्हणजे ज्यानं त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नाही त्यालाही चित्रावरून तो ओळखता यावा.

कॅमेऱ्याच्या धंद्यात या पायऱ्यांसाठी बरीच वर्षं एक मोजपट्टी वापरली जाते. जिथे माणूस उभा आहे, तिथल्या एक मीटर रुंदीत चित्राचे किती ठिपके पडतात ते मोजायचं. २५ ठिपके पडले तर काहीतरी आहे एवढं कळतं. १२५ पडले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात. मधे आणखी एक पायरी आहे, ती आज सोडून देऊ. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढचा हिशेब शाळकरी आहे.

दुकानात ज्याला '२ मेगापिक्सेल' म्हणतात, त्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. समजा कॅमेरा ९० अंशांचा कोन बघतो. मग भूमितीनं, जितकं अंतर त्याच्या दुप्पट रुंदी त्याच्या नजरेत येते. चार मीटरवर आठ मीटर रुंदी. १९२० भागिले ८, म्हणजे २४०. म्हणजे अनोळखी माणसाची ओळख पटण्याची हद्द चार मीटरच्या आतच संपली. आठ मीटरवर ठिपके पडतात १२०. तिथे तुमचा दूधवाला तुम्हाला ओळखू येईल, पण अनोळखी माणसाचा चेहरा हाती लागणार नाही. अडतीस मीटरवर उरतात पंचवीस, म्हणजे खांब की माणूस तेही जेमतेम. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '३० मीटर' लिहिलेलं असतं ना, ते बहुधा कॅमेऱ्याचा रात्रीचा अदृश्य उजेड कुठवर पोचतो त्याचं अंतर असतं. तिथवर चेहरा दिसेल असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. आपण ते आपल्या मनानं वाचतो.

मग लोक म्हणतात, आम्ही ८ मेगापिक्सेलचा घेतो. घ्या, पण हिशेब बघा. मेगापिक्सेल चौपट झाले तरी आडवे ठिपके दुप्पटच होतात, १९२० चे ३८४०. म्हणजे ओळख पटण्याचं अंतर चार मीटरवरून आठ मीटरच्या जवळ गेलं, इतकंच. आता दुसरा उपाय बघा. कॅमेरा तोच, २ मेगापिक्सेलचाच, पण लेन्स अरुंद घेतली. बाजारात २.८ मिलिमीटरची लेन्स मिळते, ती साधारण शंभर अंशांच्या आसपास बघते. ६ मिलिमीटरची साधारण पन्नास अंश बघते. पन्नास अंशांत आठ मीटरवर रुंदी येते साडेसात मीटर. १९२० भागिले साडेसात, म्हणजे २५६. तुमचं फाटक आठ मीटरवर असेल, तर साध्या कॅमेऱ्यानं ओळख पटली. यात पैशापेक्षा विचार जास्त लागला.

आता आजचं मुख्य म्हणणं सांगतो: आधी प्रश्न ठरवा, मग कॅमेरा. 'मला सगळं दिसलं पाहिजे' हा प्रश्न नव्हे, ती हौस झाली. 'फाटकातून कोण आत आलं?' हा प्रश्न. 'गाडीजवळ कुणी घुटमळतंय का?' हा दुसरा प्रश्न. 'मागच्या बाजूचा बोअरचा पंप जागेवर आहे का?' हा तिसरा. पहिल्याला अरुंद नजर आणि २५० ठिपके लागतात. दुसऱ्याला रुंद नजर चालते. तिसऱ्याला तर सगळ्यात साधा कॅमेरा पुरतो. एका महागड्या कॅमेऱ्याला तिन्ही प्रश्न विचारण्यापेक्षा, दोन साध्या कॅमेऱ्यांना एकेक प्रश्न विचारणं स्वस्त पडतं आणि उत्तरही नीट मिळतं.

आणि लावायचा कुठे? चोराच्या हाताला लागू नये म्हणून लोक तो पहिल्या मजल्याच्या छज्जाखाली चढवतात. मग वरून दिसतं काय, तर टोपी आणि टक्कल. चेहरा हवा असेल तर आठ-नऊ फुटांच्या वर जाऊ नका, आणि माणूस समोरून चालत येईल अशी बाजू निवडा. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे तोंड नको. त्या वेळी येणारा प्रत्येक जण काळी सावली होतो.

रात्रीकडे वळू, कारण भीती रात्रीची असते. दुकानदार तुम्हाला चित्र दाखवतो ते दिवसाचं, किंवा लख्ख दुकानातलं. तुम्ही त्याला म्हणा, तुमच्याच दुकानाबाहेरचं काल रात्री दोनचं चित्रण दाखवा, आणि त्यात कुणीतरी चालत असू दे. उभ्या माणसाचं चित्र बरं येतं. चालणाऱ्या माणसाचा चेहरा कमी उजेडात फरपटतो, कारण कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो. त्यात तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त मेगापिक्सेल कोंबले, की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. म्हणून स्वस्तातला जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्री कधी कधी कमी मेगापिक्सेलवाल्यापेक्षा वाईट दिसतो.

कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे आपल्याला दिसत नाहीत, पण त्यांची ऊब आणि आडोसा कोळ्यांना आवडतो. लेन्ससमोर जाळं विणलं गेलं, की तोच उजेड जाळ्यावरून परत येतो आणि चित्रभर पांढरं धुकं. शेजारी पांढरी भिंत किंवा पत्रा असेल तरी तेच. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे फाटकावर नऊ वॉटचा एलईडी दिवा. उजेड असला की साधा कॅमेराही रंगीत बघतो, आणि शर्ट निळा होता की लाल हे पोलिसांना सांगता येतं. घरात खर्चाला मर्यादा असेल तर पहिला पैसा दिव्यावर, दुसरा कॅमेऱ्यावर.

पाऊस. खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा: ५ म्हणजे पाण्याचा फवारा, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी आत पाणी शिरत नाही. आपल्या पावसाला ६६ पुरतो. पण पाणी सहसा कॅमेऱ्यात शिरत नाही, ते वायरीच्या जोडात शिरतं. खोक्यातून निघालेली शेपटी तशीच भिंतीवर लोंबत ठेवली, की पहिल्याच आषाढात जोड हिरवा पडतो. वायरमनला सांगा, जोड प्लास्टिकच्या डबीत घ्या आणि डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल. कोकणात खाऱ्या हवेनं स्क्रू गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

आता वीज आणि नेट. लाइट गेली की कॅमेरा आंधळा, आणि राउटर बंद पडला की कॅमेरा मुका. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. वाय-फायवर चालणारा कॅमेरा असेल, तर विकत घेण्याआधी जिथे तो लागणार आहे तिथे मोबाइल धरून बघा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वाय-फाय फारसं जात नाही. वायर टाकता येत असेल तर टाका. एकाच नेटच्या वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही नेणारी पद्धत आहे, तिला पीओई म्हणतात, ती शंभर मीटरपर्यंत चालते. बंद घराला किंवा शेतावर नेट नसेल तर सिमकार्डवाला कॅमेरा असतो. सौरपट्टीवाला बॅटरी कॅमेरा सोयीचा खरा, पण बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो आणि हालचाल झाली की जागा होतो. जागा होईपर्यंतचे क्षण हुकतात. शिवाय श्रावणात ऊन किती पडतं ते तुम्ही जाणताच.

साठवणुकीचा हिशेबही करून टाकू. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला सुमारे २ मेगाबिट लिहितो असं धरा. दिवसाला होतात साधारण २१.६ जीबी. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही पंधरा दिवस गावाला जाणार असाल, तर परत येईपर्यंत पहिल्या आठवड्याचा पुरावा पुसलेला असेल. फक्त हालचालीचं चित्रण ठेवलं तर दिवस वाढतात, पण मग झाडाची फांदी हलली तरी ते 'हालचाल'च असतं. आणि कार्ड कॅमेऱ्यातच असेल तर चोर कॅमेरा नेताना साक्षीदारालाही घेऊन जातो. म्हणून मुद्रण घराच्या आतल्या यंत्रात व्हावं, किंवा महत्त्वाचे तुकडे तरी कंपनीच्या क्लाउडवर जावेत. क्लाउडला महिन्याचं भाडं असतं. समजा कॅमेरा तीन हजारांचा आणि भाडं महिन्याला दोनशे. तीन वर्षांत भाडंच सात हजार दोनशे झालं. स्वस्त काय ते तीन वर्षांच्या बेरजेनं ठरवा.

इथवर आपण कॅमेऱ्यातून बाहेर बघत होतो. आता उलटा प्रश्न: आपल्या कॅमेऱ्यातून आणखी कोण बघतंय? २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीनं जगभरातले नेटवरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले होते. युक्ती काय होती? कारखान्यातून येताना जो पासवर्ड असतो तो लोकांनी बदललेलाच नव्हता. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेनं अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. म्हणजे घर राखायला ठेवलेला पहारेकरी दुसऱ्याच्या घरावर दगड मारायला गेला आणि मालकाला पत्ता नाही. आपल्याकडे केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या माहिती-सुरक्षेबाबत अटी घातल्या, आणि २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना त्या तपासणीतून जावं लागतं. दुकानदाराला 'एसटीक्यूसी' प्रमाणपत्र आहे का, असं विचारा. पावती घ्या. घरी आल्याबरोबर पासवर्ड बदला. अपडेट देणं बंद झालेला कॅमेरा फुकट मिळाला तरी नेटला जोडू नका.

आणि कॅमेऱ्यानं चोरी थांबते का? २०१९ मध्ये सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांमध्ये सुमारे १३ टक्के घट दिसते, सगळ्यात जास्त वाहनतळांमध्ये. आणि जिथे कॅमेऱ्याच्या जोडीला दुसरे उपायही होते, तिथे परिणाम जास्त. हा अभ्यास सार्वजनिक जागांवरच्या कॅमेऱ्यांचा आहे, तो घराला जसाच्या तसा लावू नये. पण दिशा कळते. कडी, कुलूप, दिवा आणि शेजारी हे पहिले. कॅमेरा त्यांच्या जोडीला.

शेजाऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं मान्य केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं घरगुती वापर बाजूला ठेवला आहे हे खरं. पण कायदा पकडत नाही म्हणून शेजारच्या वहिनींच्या न्हाणीघराची खिडकी आपल्या चित्रात असणं योग्य ठरत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये चित्राचा एक भाग काळा करून ठेवायची सोय असते. ती वापरा. आवाजाचं मुद्रण बंद ठेवा. आणि कॅमेरा लावायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून काय दिसतंय ते मोबाइलवर दाखवा. एका चहात पुढची दहा वर्षांची कटकट मिटते.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात जोखमीचा. कॅमेरा 'दाखवतो', पण 'चोर' हा शब्द त्यात कुठेच नसतो. तो आपण घालतो. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पहाटे साडेपाचचा एक तुकडा कुणीतरी ग्रुपवर टाकला. एक मुलगा सायकलींच्या जवळ दोन-तीन मिनिटं उभा, वर बघतोय, इकडेतिकडे बघतोय. त्याच दिवशी एक सायकल सापडत नव्हती. तासाभरात खाली 'हाच तो' असे वीस-पंचवीस शेरे. संध्याकाळी कळलं, तो पेपर टाकणारा नवीन मुलगा होता आणि इमारतीवरचं नाव वाचत होता. सायकल मालकाच्याच भाच्यानं नेली होती. पण तोवर पेपरवाल्यानं त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ग्रुपवर कुणी 'चुकलं' असं लिहिलं नाही.

इथे काय झालं? प्रत्यक्ष एवढंच होतं, की एक मुलगा उभा आहे आणि वर बघतोय. बाकी सगळं अनुमान. आणि अनुमानाला व्याप्ती लागते. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे आपण म्हणू शकतो. सायकलजवळ उभा असेल तो चोर असतो, हे म्हणू शकतो का? नाही ना. मग ज्याचा काम करून मिळणारा पैसा रोजचा आहे, त्याच्या पोटावर असं अनुमान टाकायचा आपल्याला अधिकार नाही. तुकडा ग्रुपवर टाकू नका. खरंच गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे द्या.

देताना दोन गोष्टी पाळा. मूळ फाइल लगेच वेगळी काढून ठेवा, कापाकापी करू नका, पडद्याचं मोबाइलवर चित्रण करून पाठवू नका. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. न्यायालयात अशी प्रत पुरावा म्हणून चालायला प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथेही वाद अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरूनच होता. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे.

(व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे)

प्रश्न: सर, दहा हजारांत सगळं बसवायचं असेल तर?

उत्तर: बसतं. फाटकाकडे अरुंद लेन्सचा एक आणि अंगणाकडे रुंद लेन्सचा एक, असे अडीच-तीन हजारांच्या आसपासचे दोन कॅमेरे. दोन चांगली कार्डं, सतत लिहिण्यासाठी बनवलेली. राउटरला यूपीएस. फाटकावर दिवा. उरलेले वायरमनचे. त्याच्याशी घासाघीस करू नका, जोड तोच करणार आहे.

प्रश्न: माझी आई गावाला एकटी असते, वय ऐंशी. बाहेर कॅमेरा लावलाच आहे. घरात, पडवीत आणि स्वयंपाकघरातही लावावा का? मला इथून लक्ष ठेवता येईल.

उत्तर: आईंना विचारलंत का? नाही ना. मग आधी त्यांना विचारा. बाहेरचा कॅमेरा परक्याकडे बघतो, आतला त्यांच्याकडे बघेल. दिवसभर कुणीतरी आपल्याकडे बघतंय या भावनेनं माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागायला लागतो. त्या 'हो' म्हणाल्या तर पडवीत लावा, स्वयंपाकघरात नको, आणि बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी ठेवा. 'नको' म्हणाल्या तर तुमचा प्रश्न काय आहे तो पुन्हा बघा. आई पडली तर कळावं हा प्रश्न असेल, तर शेजारच्या काकूंकडे एक किल्ली आणि सकाळ-संध्याकाळ एकेक फोन यांनी तो बराच सुटतो. तो फोन मात्र तुम्ही करायचा.